दुष्काळात तेरावा चॅनेल

कोणतीही वस्तू बिघडली की आमच्या भागात तिच्यावर तीन उपाय ठरलेले असतात. पहिला थोपटण्याचा. रेडिओ असो, टीव्ही असो की विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर असो, त्याला दोन-चार चापट्या मारून पाहायच्या. दुसरा उपाय बंद करून पुन्हा चालू करण्याचा. आणि तिसरा, ती वस्तू फडक्यात गुंडाळून एस.टी.ने जामखेडला नेण्याचा. तिथेही जमले नाही तर ती माळ्यावर जाते आणि पुढच्या दिवाळीच्या सफाईपर्यंत तिची कुणाला आठवण राहत नाही. या तिन्ही उपायांत एक साम्य आहे. तिघांतही त्या बिचाऱ्या वस्तूला कुणी काही विचारत नाही.

विचारणे हा मोठा उपाय आहे, हे खरे तर जामखेडकरांना कुणी सांगण्याची गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाया घरोघर जाऊन विचारू लागल्या. पाणी कुठून आणता? पोराचे वजन किती? गरोदरपणात खाता काय? औषधाच्या बाटलीच्या आधी प्रश्न आला. पुढे १९७९ साली या डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगाच्या नकाशावर गेले. एवढे सगळे आपल्याच तालुक्यात घडलेले असताना, आम्ही मात्र यंत्र बिघडले की अजूनही थोपटतो!

वाचकहो, ही प्रस्तावना एका संगणकासाठी आहे.

आमच्या गावात मारुतीच्या देवळाला लागून जुन्या दगडी खोलीत एक अभ्यासिका आहे. निवृत्त झालेले एक गुरुजी ती सांभाळतात. तिथे वीस-बावीस खुर्च्या, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे एक कपाट, एक राऊटर, एक स्कॅनर आणि एक संगणक आहे. संगणक गावातल्याच एका दादाने दिलेला. तो नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत होता. परत येताना तिथे वापरलेला डब्याएवढा संगणक त्याने सामानातून आणला आणि पुण्यात स्थिरावल्यावर अभ्यासिकेला देऊन टाकला. त्यावर लिनक्स आहे. तो आल्यापासून वर्षभर बिनतक्रार चालला. मराठी टंकलेखन मी त्याच्यावरच शिकले, आणि कॉलेजमधला माझा पहिला निबंधही त्याच्यावरच टंकला.

मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी एके दिवशी दुपारभर वीज गेली आणि संध्याकाळी आली. वीज आली, पण संगणकाचे इंटरनेट काही आले नाही. गंमत अशी की त्याच खोलीत सगळ्यांच्या मोबाईलला वायफाय मिळत होते. संगणकाला तेवढे मिळेना. थोपटून झाले. बंद-चालू तर दिवसातून दहा वेळा झाले. जामखेडहून एक दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि निदान केले, "हे लिनक्स काढून टाका. दुसरं टाकून देतो, पैसे पडतील." पैशांचे नाव निघताच समितीतले एक आबा म्हणाले, "फुकटाचं हाय त्ये. फुकटाला टिकाव नसतो." रविवारी बैठक ठरली. संगणक ठेवायचा की मोडीत काढून त्या पैशांत दोन पंखे घ्यायचे, एवढाच विषय.

पंखे वाईट नाहीत. आमच्याकडचा एप्रिल ज्यांना ठाऊक आहे, ते पंख्याला नाही म्हणणार नाहीत. परंतु शेजारच्या आळीतली एक मुलगी बारावीला होती आणि तिला नर्सिंगच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता. अर्ज मोबाईलवरून भरता येतो असे म्हणतात. पण दाखले स्कॅन करायचे, फोटो आणि सही ठरावीक मापात बसवायची, हे सगळे सहा इंची काचेवर बोटाने करून पाहा म्हणजे कळेल. जामखेडला त्यासाठी दुकाने आहेत. मात्र संध्याकाळी तिथे पोरांची गर्दी असते, आणि तिच्या वडिलांनी "तिकडं जायचं नाही" म्हणून एकदाच सांगितले होते. ते पुन्हा सांगत नसत. अभ्यासिका देवळाशेजारी होती, गुरुजींच्या नजरेखाली होती, म्हणून तिथे यायला आम्हा मुलींना परवानगी होती. म्हणजे तो संगणक गेला असता तर मुलांची गैरसोय झाली असती आणि मुलींची वाटच बंद झाली असती. हा फरक बैठकीच्या विषयपत्रिकेत नव्हता.

"ताई, सोमवारी शेवटची तारीख आहे गं," ती शुक्रवारी मला म्हणाली. गुरुजी म्हणाले, "बघ पोरी, तुला काही उमजतंय का. नाहीतर रविवारी ठरवूनच टाकू." दादाला फोन केला. तो कामात होता. म्हणाला, "मी दिवाळीला येतो तेव्हा बघू. तोवर तुला काय पाहायचं ते पाहा. पासवर्ड गुरुजींच्या वहीत आहे."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रांचे आणि आमचे गोत्र जुळत नाही, असा एक समज आहे. पण लिनक्सवर एक काळी खिडकी असते, तिला टर्मिनल म्हणतात. तिथे आज्ञा टंकायची आणि यंत्र अक्षरांत उत्तर देते. मला वाटले, अक्षरे तर आपण रोजच वाचतो! कवितेच्या तासाला आम्हाला हेच शिकवतात की, ओळीत जे आहे ते आधी वाचा, तुमच्या मनातले मागाहून. तेव्हा मोबाईलवर आज्ञा शोधायच्या, जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवायच्या आणि एकेक प्रश्न यंत्राला विचारायचा, असे ठरवले.

पहिला प्रश्न: वायफायचे यंत्र संगणकाला दिसते आहे का? वायफायसाठी त्याला मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक तुकडा लावलेला आहे. 'एलएसयूएसबी' असे टंकल्यावर जोडलेल्या वस्तूंची यादी आली. कीबोर्ड होता, माऊस होता, स्कॅनर होता आणि तो तुकडाही होता. म्हणजे तो निखळलेला नव्हता.

दुसरा प्रश्न: त्याला कुणी गप्प बसवले आहे का? वायफाय बंद करण्याचे एक बटण संगणकाच्या आत, प्रणालीमध्ये असते आणि काही यंत्रांना बाहेरही असते. 'आरएफकिल लिस्ट' या आज्ञेला उत्तर आले, सॉफ्ट ब्लॉक नाही, हार्ड ब्लॉक नाही. कुणी तोंड दाबलेले नव्हते.

तिसरा प्रश्न: त्याला आजूबाजूचे काही ऐकू येते का? इथे 'एनएमसीएलआय' नावाची आज्ञा कामाला येते. ती ऐकू येणाऱ्या सगळ्या जाळ्यांची नावे सांगते. यादी आली आणि मी चकित झाले. समोरच्या किराणा दुकानाचे वायफाय त्यात होते. ग्रामपंचायतीचे होते. पलीकडच्या वाड्यातल्या कुणाच्या तरी मोबाईलचे होते. फक्त आमचे, चार हातांवरच्या राऊटरचे, नाव नव्हते. लांबचे ऐकू येते आणि जवळचे नाही! माणसांत असे पुष्कळ पाहिले होते, यंत्रात पहिल्यांदाच पाहिले.

पण या एका उत्तराने अर्धी लढाई जिंकली होती. ज्याला तीन आवाज ऐकू येतात, त्याचा कान शाबूत आहे. कान शाबूत म्हणजे त्या तुकड्याला चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तोही ठीक. तेव्हा लिनक्स काढून टाकण्याचे काही कारण उरत नव्हते. खात्रीसाठी मी माझ्या मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू केले. संगणक त्याला क्षणात जोडला गेला. अर्थात माझ्या मोबाईलचा दिवसाचा डेटा तोवर संपत आलेला असल्याने या मार्गाने अर्ज पुरा झाला नसता.

आता चौथा प्रश्न राऊटरला. त्याच्या पोटाखाली चिठ्ठी असते, तिच्यावरचा पत्ता आणि गुरुजींच्या वहीतला पासवर्ड घालून मी मोबाईलवर त्याचे पान उघडले. तिथे एका ओळीत लिहिले होते: चॅनेल, ऑटो, आणि पुढे आकडा १३.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरीच. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७९५ साली, आपल्या तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. तेव्हा बातमी जासूदाच्या पायांनी आणि घोड्याच्या टापांनी चालत असे. त्या दोन गोष्टींमध्ये शंभर वर्षांचेच अंतर आहे, यावर विश्वास बसत नाही. आपल्या राऊटरच्या नेहमीच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. या लहरींच्या पट्ट्यात ओळीने चॅनेल आखलेले आहेत. पहिला २४१२ मेगाहर्ट्झवर, त्यापुढे प्रत्येकी पाच-पाचच्या अंतराने, आणि तेरावा २४७२ वर. राऊटरला 'ऑटो' सांगितले असेल तर तो सुरू होताना कुठे गर्दी कमी आहे ते पाहतो आणि तिथे जाऊन बसतो. त्या दिवशी वीज गेली, आली, राऊटर जागा झाला आणि शेजाऱ्यांची गर्दी टाळून तेराव्यावर जाऊन बसला. समंजस प्राणी!

पण मग संगणकाला तेरावा ऐकू का येऊ नये?

पाचवा प्रश्न मी संगणकाला विचारला तो जरा विचित्र होता. तू कोणत्या देशात आहेस? 'आयडब्ल्यू रेग गेट' अशी ती आज्ञा. उत्तर आले, कंट्री यूएस.

मी ती ओळ तीनदा वाचली. आमचा संगणक अमेरिकेत राहत होता! मारुतीच्या देवळाशेजारी, घंटेच्या आवाजात, सहा महिने उन्हाळा आणि सहा महिने धूळ खात तो मनाने अजून अमेरिकेतच होता. घड्याळ इथले दाखवत होता, अक्षरे मराठी उमटवत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दादाने तिथे असताना त्याच्या सुरुवातीच्या सूचनांत देशाची दोन अक्षरे लिहिली होती. तिथे ती बरोबरच होती. पुढे संगणक विमानात बसून आला, अक्षरे मात्र जिथल्या तिथे राहिली.

देश विचारायचे कारण असे की आकाश जरी एक असले, तरी त्यातल्या लहरींवर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. आपल्याकडे एके काळी घरातल्या रेडिओलाही लायसन लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, हे आजोबांच्या वयाच्या माणसांना विचारा. वायफायचा हा पट्टा आपल्या देशात २००५ साली परवान्यातून मोकळा झाला, म्हणून आज कुणीही दुकानातून राऊटर आणून लावू शकतो. आपल्याकडे तेराही चॅनेल चालतात. अमेरिकेत वायफाय सहसा अकरावरच थांबते, आणि लिनक्समध्ये त्या देशाची जी नियमावली आहे तीत बारावा आणि तेरावा बंद आहेत. 'आयडब्ल्यू लिस्ट' असे टंकल्यावर चॅनेलांची यादी आली, तीत या दोघांच्या पुढे कंसात 'डिसेबल्ड' असे लिहिलेलेच होते. संगणक बिघडलेला नव्हता. तो अतिशय कायदेशीर वागत होता, फक्त कायदा दुसऱ्या देशाचा होता.

दुष्काळात तेरावा महिना, अशी म्हण आपण उठता-बसता वापरतो. अधिक मास आला की वर्षाचे महिने तेरा होतात, आणि दुष्काळी वर्ष असेल तर धान्य आणखी महिनाभर पुरवावे लागते. आमच्या तालुक्याला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. पण यंत्राचाही दुष्काळ असतो आणि त्याचाही तेरावा असतो, हे मला त्या शनिवारी कळले.

उपाय दोन होते. राऊटरला तेराव्यावरून उठवून सहाव्यावर बसवले असते तरी काम झाले असते. पण पुन्हा कुणी 'ऑटो' केले, की पुन्हा तेच. मी दुसरा उपाय घेतला. 'आयडब्ल्यू रेग सेट' आणि पुढे आपल्या देशाची दोन अक्षरे, आय आणि एन. मग पुन्हा यादी मागितली. किराणा दुकान आले, ग्रामपंचायत आली, आणि सगळ्यांत वर, सर्वांत जोरकस, आमच्या अभ्यासिकेचे नाव आले. एवढ्याने भागत नाही, कारण बंद करून चालू केले की संगणक पुन्हा अमेरिकेत जातो. म्हणून त्याच्या सुरुवातीच्या सूचनांतली ती ओळ शोधून तिथेही यूएसच्या जागी आयएन केले. मग बंद केला, पुन्हा चालू केला. आला! गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "म्हणजे नेमकं काय झालं होतं?" मी म्हणाले, "गुरुजी, त्याला आपण कुठं आहोत हे कुणी सांगितलंच नव्हतं."

शनिवारी रात्री आठच्या आत त्या मुलीचा अर्ज गेला. तिचे वडील पूर्ण वेळ दारात उभे होते. पावतीचा कागद हातात घेऊन त्यांनी तो दोनदा उलटसुलट पाहिला आणि घडी घालून टोपीत ठेवला.

रविवारच्या बैठकीत आबांनी पुन्हा फुकटाचा मुद्दा काढला. मी बोलू का, असे विचारून मी उठले. मी सांगितले की याला फुकट म्हणण्यापेक्षा मुक्त म्हणावे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ठरवले की संगणकाचा प्रोग्रॅम ज्याच्या हाती आहे, त्याला तो उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार हवा. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांपुढे ठेवला. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्याचे कौतुक आपण शाळेत ऐकलेच आहे. फुकट वस्तूचा धनी दुसरा असतो, मुक्त वस्तूचे धनी आपणही असतो. काल मला जो देश बदलता आला, तो त्या काळ्या खिडकीचे दार कुणी लावून घेतले नव्हते म्हणून. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी वारीसारखं. कुणी तिकीट घेत न्हाय, पण चालायचं आपल्याच पायानं." मी दहा वाक्यांत जे सांगितले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. संगणक राहिला. पंख्यांसाठी वर्गणी काढायची ठरली.

त्यानंतर मी त्या 'डिसेबल्ड' शब्दावर पुष्कळ विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रथम वर्षाला असताना "संदर्भग्रंथ पाहून टिपण काढा" असे वर्गात सांगितले जाई, तेव्हा आजूबाजूच्या मुली माना डोलवत आणि लिहू लागत. मला शब्द ऐकू येत, पण ते ग्रंथ कुठे पाहायचे आणि टिपण कसे काढायचे, हे घरी कुणाला विचारणार? वर्गात माझ्याकडे पाहणाऱ्याला वाटले असते, ही मंद आहे. एके दिवशी एका मॅडमनी तास संपल्यावर मला ग्रंथालयात नेले, तालिका उघडून दाखवली, एका पुस्तकाच्या मागची सूची दाखवली. दहा मिनिटांचे काम. त्या दहा मिनिटांत माझे दोन चॅनेल उघडले. ज्याला ऐकू येत नाही तो बहिराच असतो असे नाही. कधी कधी त्याला एवढेच सांगायचे राहिलेले असते की, तू आता इथे आहेस आणि इथे हेही ऐकायची तुला मुभा आहे. आणि हे सांगणाऱ्याला आधी विचारावे लागते. थोपटून हे कळत नाही.

आता अभ्यासिकेत संगणकाच्या वरच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मराठीत पाच प्रश्न आणि त्यांच्या आज्ञा लिहिल्या आहेत. यंत्र दिसते का? कुणी गप्प केले आहे का? बाकीचे ऐकू येतात का? राऊटर कोणत्या चॅनेलवर आहे? आणि संगणक कोणत्या देशात आहे? गुरुजींना पाचवा प्रश्न फार आवडतो. आल्या-गेल्याला तो वाचून दाखवतात.

गेल्या आठवड्यात पाहिले, तर नववीतल्या कुणीतरी खाली पेन्सिलीने सहावा प्रश्न घातला होता: लाईट आहे का? मी तो पुसला नाही. उलट बाण काढून सगळ्यांत वर नेला. आमच्या तालुक्यात त्याचा खरा क्रमांक तोच आहे.